बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: जुन्या मारुती ८०० ची पाणीगळती

प्रश्न थोडक्यात असा. २००६ ची मारुती ८००, एमपीएफआय (म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणारं) इंजिन. आठवड्याला जवळपास अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. पार्किंगमध्ये गाडीखाली थेंबही दिसत नाही, आणि बाटलीतली पातळी तर हलतच नाही. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, उतारावर परत जागेवर येतो. गॅरेजवाल्याने एकदा लीकेजची पावडर टाकली, महिनाभर बरं चाललं. आता तो म्हणतो रेडिएटरच बदला. बदलावा का?

लगेच नको. तुम्ही दिलेल्या माहितीतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे बाटली हलत नाही ही. तिथूनच सुरुवात करू.

८०० मधली पांढरी बाटली नुसती साठ्याची असते, तिच्यात दाब नसतो. इंजिन तापलं की पाणी फुगतं. दाब रेडिएटरच्या कॅपच्या मर्यादेपुढे गेला की (या गाडीच्या कॅपवर बहुधा ०.९ छापलेलं असतं, म्हणजे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर) जास्तीचं पाणी कॅपच्या मानेला असलेल्या बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन गार झालं की रेडिएटरमध्ये ओढ तयार होते. मग कॅपमधली दुसरी, छोटी वॉल्व्ह उघडते आणि तेच पाणी परत आत खेचलं जातं. म्हणजे धडधाकट गाडीत बाटलीची पातळी गरम असताना थोडी वर आणि सकाळी थोडी खाली दिसायला हवी. कुठे गळती असेल, तरी कमी होताना बाटलीच दिसली पाहिजे. रेडिएटर रिकामा होतोय आणि बाटली जैसे थे, याचा अर्थ गार होताना पाण्याऐवजी हवा आत जाते आहे. ती हवा एक तर त्या बारीक नळीतून येते (चीर, सैल टोक किंवा बाटलीच्या तळापर्यंत न पोचणारा तुकडा), नाही तर कॅपच्या वरच्या रबरातून, नाही तर थेट गळतीच्या जागेतून. आणखी एक शक्यता म्हणजे छोटी वॉल्व्ह गंजून घट्ट बसलेली असणं. तसं असेल तर गार गाडीत वरचा होस चपटा होऊन आत ओढलेला दिसतो. ही खूण फुकटात मिळते, सकाळी बॉनेट उघडून नुसतं बघायचं.

बारीक नळी काढून तिचं एक टोक बोटाने बंद करा आणि दुसऱ्या टोकातून तोंडाने हवा ओढा. नळी जिभेला चिकटून राहिली तर ती चांगली. ओढण्याआधी मात्र ती साध्या पाण्याने चांगली धुवून घ्या, कारण कूलंटमधलं (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवातलं) इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरंही सांडलेलं कूलंट चाटतात. गाडीतून काढलेलं पाणी उघड्या बादलीत ठेवू नका.

कॅप स्वस्त असते. वय माहीत नसेल तर तपासत बसण्यापेक्षा नवीन घ्या, पण त्याच आकड्याची. १.१ ची कॅप लावली की गाडी कमी तापते असं सांगणारे भेटतात. वीस वर्षांचे होस आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या गाडीला तो जास्तीचा दाब देणं म्हणजे नवी गळती मागून घेणं. उलट कमजोर कॅपचा परिणाम नेमका घाटात दिसतो. ०.९ चा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब नसेल तर ते १०० लाच उकळतं, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, वाफेचे बुडबुडे धरतात आणि काटा चढतो. तुमचा खंबाटकीचा त्रास कमी पाण्यामुळे आहे की नुसत्या कॅपमुळे, हे कॅप बदलल्याशिवाय ठरवता येणार नाही.

आता थेंब का दिसत नाही ते. बारीक पाझर गरम सायलेन्सरच्या पाइपवर किंवा इंजिनच्या अंगावर पडला की जागच्या जागी वाळतो आणि खाली पोचतच नाही. आठवड्याला अर्धा लिटर म्हणजे दिवसाला ७० मिली, चहाचा छोटा कप. एवढं पाणी तासभराच्या फेरीत सहज उडून जातं. त्यामुळे फरशीवर ओल शोधू नका, वाळल्यावर मागे काय राहिलंय ते शोधा. कूलंट वाळलं की हिरवट किंवा पांढरा चुरा राहतो, नुसतं बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचा पांढरा थर, आणि गंजलेलं पाणी असेल तर विटकरी ओघळ. ओघळ नेहमी वरच्या टोकाला धरून वाचायचा. जिथून पडतं ती जागा कामाची नसते, कारण पाणी होसच्या अंगावरून, वायरिंगवरून हातभर लांब जाऊन टपकतं. एसी चालू असताना डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी मात्र सोडून द्या. ते एसीचं आहे, बोटाला बुळबुळीत लागत नाही.

शोधण्यासाठी गाडी पूर्ण गार हवी. शक्यतो रात्रभर उभी असलेली. तापलेल्या गाडीची कॅप उघडायची नाही. वरचा होस हाताने दाबून बघा. तो कडक आणि चटका देणारा असेल तर अजून पाऊण तास थांबा.

रेडिएटर मानेपर्यंत भरा आणि कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर लावा. हे म्हणजे मीटर बसवलेला एक हातपंप. बऱ्यापैकी गॅरेजमध्ये असतो, नसेल तर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे हमखास मिळतो. ०.९ पर्यंत दाब भरा, त्यापुढे नाही, आणि पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवा. काटा उतरला नाही तर गळती गार इंजिनात दिसणारी नाही. इंजिन गरम करून, बंद करून, मग परत बघावं लागेल. काटा उतरला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फिरा. टेस्टर नसेल तर घरगुती उपाय असा: संशयाच्या सगळ्या जागा कोरड्या पुसून त्यांवर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा, गाडी वीस मिनिटं चालवून आणायची आणि बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॉनेट उघडायचं. ही दहा मिनिटं महत्त्वाची. इंजिन बंद केलं की पाणी फिरणं थांबतं, पण हेडमधली उष्णता पाण्यात उतरत राहते, म्हणून दाब बंद केल्यानंतरच सर्वाधिक होतो. पावडरमध्ये केसाएवढी ओली रेघ उमटलेली दिसते. ती रेघ जिथे सुरू होते, तिथे गळती.

८०० मध्ये बघायच्या जागा, ज्या क्रमाने बिघडतात साधारण त्याच क्रमाने.

होस आणि क्लिपा. होस दाबून बघा. आतून करकर आवाज आला तर आतलं रबर तडकलंय, फुगीर आणि मऊ लागला तर तेलाने खाल्लाय. दोन्ही बाद. हिवाळ्यात फक्त पहाटे थेंब पडतो आणि गाडी तापली की थांबतो, ही सैल क्लिपेची खूण आहे, कारण थंडीत रबर आकसतं. जुना होस पिळून उपटू नका. रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तुटतं आणि तीनशेच्या कामाचं तीन हजारांचं होतं. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर पाडा, सोलून काढा. खाली अॅल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी खरखरीत पपडी दिसेल. बहुतेक वेळा खरा चोर तीच असते, आणि नवीन होस तिच्यावरच चढवला की महिन्याभरात परत गळती. बारीक पॉलिश पेपरने ती पूर्ण घासा, बोट फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत. होस कोरडा किंवा फार तर कूलंटचं बोट लावून चढवायचा. ग्रीस नको, गॅस्केट बॉण्ड तर नकोच. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही, आणि होसच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत. आवळताना रबर क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी जरासं फुगलं की थांबा. पहिल्यांदा गाडी गरम होऊन गार झाल्यावर अर्धा फेरा आणखी द्यावा लागतो.

पाणी पंपाकडे आणणारा लोखंडी पाइप. इंजिनला चिकटून जातो, वरून नीट दिसत नाही, त्यामुळे राहून जातो. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलेल्या गाडीत हा आतून गंजतो आणि बाहेरचा रंग फुगलेला दिसतो. फुगलेला रंग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. आरपार गेला तर निदान झालं. टोकाला असलेलं रबरी रिंगही नवीन घ्या. वेल्डिंग मारून घेऊ नका, शेजारचा पत्रा तेवढाच पातळ झालेला असतो.

वॉटर पंप, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत वॉटर बॉडी. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं, हा हेतू. तिथून खाली रंगीत ओघळ दिसला तर पंप बदलायचा. भोक बुजवणारेही आहेत. त्यांची गाडी नंतर बेअरिंग जाम होऊन रस्त्यात थांबते. पंपाचा बाहेरचा बेल्ट सैल करून पुली धरून हलवा. बाजूला खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली तरी पंप गेला. या इंजिनात पंप काढायला टायमिंग कव्हर आणि टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून मजुरी जास्त. टायमिंग बेल्ट किती चाललाय माहीत नसेल तर त्याच वेळी तो आणि त्याला ताण देणारा टेन्शनर बदलून टाका. पाणी किंवा कूलंट लागलेला बेल्ट परत चढवू नका. टायमिंगच्या खुणा बेल्ट काढण्याआधी जुळवायच्या, काढल्यावर नाही. पंपाचं गॅस्केट नवीन, दोन्ही पृष्ठभाग खरवडताना अॅल्युमिनियमला ओरखडा नको. बोल्ट ६ मिलिमीटरचे, १० च्या पान्याचे असतात. त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. लांब पाना घेऊन आवळणाऱ्याच्या हातात आटे येतात. शेवटी पंपाचा बाहेरचा बेल्ट: मध्यावर अंगठ्याने १० किलोच्या जोराने दाबल्यावर ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. किरकिर बंद व्हावी म्हणून तारेसारखा ताणलेला बेल्ट हेच पुष्कळदा नवीन पंप वर्षभरात जाण्याचं कारण असतं.

थर्मोस्टॅटचं झाकण. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक तापलं की उघडणारा वॉल्व्ह. गॅस्केटच्या कडेने पांढरी रेघ दिसते. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडा. सरळ सोडायला गेलात तर मान तुटून आटा आतच राहतो. थर्मोस्टॅट बसवताना त्यावरचं हवेचं बारीक भोक वरच्या बाजूला हवं. झाकण उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून, थर्मामीटर लावून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुधा ८२ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. आपल्या हवेत वॉल्व्ह लागत नाही म्हणून तो काढून फेकणारे मिस्त्री अजून आहेत. एमपीएफआय गाडीत तसं केलं की इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि ॲव्हरेज का पडलं याचा शोध वर्षभर चालतो.

रेडिएटर. प्लॅस्टिकच्या टाक्या आणि अॅल्युमिनियमची जाळी असेल तर गळती दोन ठिकाणी बघायची: टाकी जाळीला जिथे दुमडून बसवलेली असते ती कड, आणि होसच्या तोंडाच्या मुळाशी असलेली केसाएवढी चीर. कडेची गळती काही कारागीर पत्रा परत दाबून, आतलं रबर बदलून थांबवतात, ते टिकतंही. तोंडाची चीर एम-सीलने गावापर्यंत पोचण्यापुरती थांबते, त्यापुढे नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर मात्र तो टाकू नका. डाग मारून (सोल्डर करून) तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. नवीन बसवताना पंख्याच्या चौकटीचे मूळचेच बोल्ट वापरा. चार मिलिमीटरने जास्त लांब असलेला बोल्ट थेट जाळीत घुसतो. पाणी सोडायची खालची प्लॅस्टिकची चावी नुसत्या हाताने बंद करायची, पक्कड लावायची नाही.

हीटर असलेल्या गाडीत डाव्या बाजूचं पायाखालचं मॅटिंग उचलून बघा. ओल, गोडसर वास आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धूसर थर दिसला तर हीटरची जाळी गळते आहे. ब्लॉकच्या अंगावरचे गोल वाटीसारखे प्लगही याच वेळी बघा. साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात ते आतून गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. टॉर्चच्या उजेडात बाहेर विटकरी टिकली दिसली की तो प्लग बदलायचाच.

बाहेर काहीच सापडलं नाही तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. त्याची तपासणी हेड उतरवण्याआधी करायची, नंतर नाही. गार इंजिनाची कॅप काढा, पाणी मानेपर्यंत भरा, इंजिन सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणं ठीक आहे. मिनिट-दोन मिनिटांनीही एकसारखे येत राहिले, किंवा कॅप लावून गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो आहे. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तर डिपस्टिकही बघा. फक्त झाकणाखाली असेल आणि गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल, तर ती बहुधा दमट हवेची वाफ असते, घाबरू नका. शंका उरली तर निळ्या रसायनाची चाचणी करून घ्या. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढल्यावर रंग पिवळा झाला तर निदान पक्कं. हेड उतरलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग (मशीनवर पृष्ठभाग सपाट) केल्याशिवाय नवीन गॅस्केट टिकत नाही. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे.

तुमच्या गाडीचा माझा अंदाज: कॅप किंवा बारीक नळी हा अर्धा दोष, आणि पावडरने महिनाभर फरक पडला त्या अर्थी कुठे तरी बारीक पाझर हा उरलेला अर्धा. पंपाचं भोक आणि लोखंडी पाइप आधी बघा. रेडिएटरचा क्रम नंतर.

पावडर, हळद, अंड्याचा पांढरा बलक, हे सगळं रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं. भोक बुजवणारी गोष्ट हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. म्हणून दुरुस्तीनंतर आतलं धुवून काढणं तुमच्या बाबतीत टाळता येणार नाही. गार गाडीचं पाणी सोडा, साधं स्वच्छ पाणी भरा, हीटरचा खटका गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, सोडा. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा.

मग भरण्याचा हिशोब, जो बहुतेक जण चुकवतात. या गाडीत एकूण साडेतीन लिटरच्या आसपास पाणी बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पण चावी उघडल्यावर ते सगळं बाहेर येत नाही, लिटरभर ब्लॉकमध्येच राहतं. धुतल्यानंतर हे लिटरभर साधं पाणी असतं. त्यावर तुम्ही निम्म्या-निम्म्या प्रमाणाचं तयार कूलंट अडीच लिटर ओतलंत, तर प्रत्यक्षात मिश्रण ३६ टक्क्यांच्या आसपासच होतं. महाराष्ट्रात ३० टक्के पुरतं, कारण इथे पाणी गोठायची भीती नाही, गंज थांबवणं हे मुख्य काम. तरीही न मिसळलेलं कूलंट घेणं बरं: आधी मोजून १.१ लिटर कूलंट ओता, उरलेली जागा बॅटरीच्या पाण्याने (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) भरा. बोअरचं पाणी अजिबात नको, ज्या पांढऱ्या पपडीने हे सगळं सुरू झालं ती त्यातूनच येते. हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळू नका.

हवा काढताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, कॅप उघडी, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. जाड फडकं हातात घेऊन वरचा होस अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील तसं पाणी घालत राहा. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. आत हवेचा गोळा राहिला तर तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो, खरं तापमान त्याला कळत नाही, आणि इंजिन उकळत असताना पंखा मात्र लागत नाही. नवीन पंप बसवूनही गाडी तापते या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरमध्ये पाणी मानेपर्यंत आहे ना ते बघा आणि बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारून तारीख लिहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत रेघ बोटभर खाली जाणं चालतं, उरलीसुरली हवा बाहेर पडते. त्यानंतर रोज सकाळी पातळी त्याच रेघेवर हवी. घाटात काटा तरीही चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. तो लालपर्यंत पोचला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, बॉनेट उघडा, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, कोणी मदतीला येऊन बाटली पुढे केली तरीही.